पडदेवाल्या पुंडलिकाचे होकार

पडदा अजून खाली आहे.

साल एकोणीसशे छप्पन्न, नोव्हेंबर महिना, रविवारचा दुपारचा खेळ. हुबळीच्या स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेवर आमच्या नाटक कंपनीचं पत्र्याचं थिएटर उभं आहे. पत्रे तापून टिकटिक वाजताहेत. पडद्यापलीकडे शेंगा सोलल्या जाताहेत, मुलं रडताहेत आणि पुढच्या खुर्चीवरून दोन गृहस्थ भांडताहेत. एक वाक्य मराठीत, दुसरं कानडीत, शिवी दोन्हींत. याच महिन्याच्या एक तारखेला हुबळी-धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आहे. खुर्चीवरचं भांडण मात्र जुन्याच पद्धतीनं चाललं आहे.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. तिसरीला पडदा वर जायचा. पण दोरीपाशी उभा असलेला बावीस वर्षांचा सडसडीत माणूस घंटेकडे लक्ष देत नाही. दोरी खांबाला अडकवून तो विंगेतून आत येतो, एकेका नटासमोर उभा राहतो आणि विचारतो, "वर घेऊ?"

तो पुंडलिक, आमचा पडदेवाला. कंपनीचा इतिहास पुढे कुणी कुणी लिहिला. त्यात नायक आले, गवई आले, तबलजी आले, एकात तर आचाऱ्याचाही फोटो आहे. दोरी ओढणाऱ्याचं नाव राहून गेलं. ते मी आता लिहिते आहे.

"वर घेऊ?" या प्रश्नाला प्रत्येकानं तोंडानं "होय" म्हणायचं, असा त्याचा नियम. नुसती मान हलवून चालत नसे.

"मान तर बैल पण हलवतंय, अक्का," तो मला म्हणायचा. "तोंडानं बोला."

या नियमामागे एक फजिती होती. तो नवा असताना आमचे व्यवस्थापक नागोजीराव यांनी लांबूनच हात उडवून सांगितलं, "सगळे तयार! घे वर!" पुंडलिकनं घेतला. सिंहासनावर आमचे महाराज एक पाय सुरवारीत, दुसरा उघडा आणि ओठांत पेटलेली विडी, अशा थाटात हुबळीकरांना सामोरे गेले. घाबरून त्यांनी विडी मुकुटात लपवली. मुकुट पुठ्ठ्याचा होता. प्रेक्षकांनी त्या प्रवेशाला वन्स मोर दिला.

खेळ संपल्यावर नागोजीराव त्याच्यावर ओरडले, "तुला डोळे नाहीत?"

"डोळे हायत की," पुंडलिक म्हणाला. "पण दोरी खांबामागं हाय, मला महाराज दिसतात व्हय? मला फक्त ऐकू येतंय. सगळ्यांच्या वतीनं तुम्ही होय म्हटलं, तिथं घोटाळा झाला. उद्यापासनं ज्यानं त्यानं म्हणायचं."

नागोजीराव माझ्याकडे वळले. "ऐकलंत, श्यामलाबाई? आता महाराजांनी पडदेवाल्याला अर्ज करायचा!"

पण दुसऱ्या दिवसापासून खुद्द महाराज सुरवारीची नाडी दोनदा तपासून "होय रे बाबा, होय" म्हणू लागले.

पुंडलिकचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे कामगार. घर मराठी बोलणारं, पण दोन पिढ्या हुबळीत गेलेल्या, त्यामुळे बाजारात कानडी, घरात मराठी आणि रागात दोन्ही. त्याच वर्षीच्या दसऱ्याला आईवडलांबरोबर नागपूरला जाऊन त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. परत आल्यावर तो नागोजीरावांना शांतपणे म्हणाला, "दोरी मीच ओढणार. पडद्याची पूजा आणि नारळ तेवढा तुम्ही बघा." नागोजीराव गुरगुरले. पण एवढ्या हलक्या हातानं पडदा नेणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. नारळ पुढे अकरा वर्षं तेच फोडत राहिले.

मग कंपनी बसली. सदुसष्ट साली पत्रे विकले गेले. मी धारवाडला मळमड्डीत सरस्वतीबाईंच्या घरात दोन खोल्या घेतल्या आणि शाळांतल्या मुलांना पाठांतर शिकवू लागले. सरस्वतीबाई निवृत्त शिक्षिका. कानडी त्यांची मातृभाषा, संस्कृत त्यांचा विषय, आणि मराठी त्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात वावरावं तशी वापरायच्या. पुंडलिक महिन्यातून एकदा तरी हुबळीहून यायचाच. हातात कागदात बांधलेलं गिरमिट, म्हणजे हुबळीचे मसालेदार चुरमुरे, आणि ते हातावर ठेवता ठेवता बोलायला सुरुवात.

त्यानं आता यंत्रं हलवणारी टोळी जमवली होती. हुबळीच्या गोकुळ रोडला तेव्हा लहान लहान कारखाने उभे राहत होते. मद्रास, कोइमतूरकडून लॉरीवर लेथ यायचे, पत्रा दाबणारे प्रेस यायचे. ते उतरवून शेडमध्ये नेऊन जागेवर बसवायचं काम या टोळीचं. क्रेन कुठून आणणार? सहा माणसं, सहा लोखंडी पहारी, लाकडाचे ठोकळे, लोखंडी पाइप आणि पुंडलिकचा आवाज, एवढाच सरंजाम.

मी एकदा ते काम बघायला गेले होते. पहारी लावून यंत्र बोटभर उचलायचं, खालचा ठोकळा काढायचा, तिथे पाइप सरकवायचा आणि यंत्र हळूच सोडायचं. मग पाइपांवरून ढकलत पुढे न्यायचं. पुंडलिक यंत्राच्या तोंडाशी उभा. मागची माणसं त्याला दिसत नाहीत. म्हणून तो हाळी देतो, "उचलू?" आणि सहाही जण आपापल्या जागेवरून होकार देतात. नंतर "सोडू?" आणि पुन्हा सहा होकार. सहा होकार आले म्हणजे सगळे हात बाहेर आहेत, असा हिशोब. एक जरी कमी पडला तरी पुंडलिक सोडू द्यायचा नाही.

बाळाप्पा आणि त्याचा मेहुणा महादेव हे दोघे कानडी, ते म्हणत, "हौदु." सेलमचा मुरुगेसन म्हणे, "आमा." रायचूरकडचा नरसय्या तेलुगू, त्याचं "अवुनु." खाजासाब दखनी उर्दूत म्हणे, "हौ." मडगावच्या पेद्रूचं कोकणी "हय" सगळ्यांत शेवटी यायचं, कारण तोंडात तंबाखू.

"एकाच भाषेत म्हणायला का नाही शिकवत?" मी विचारलं.

"नको, अक्का. हात अडकला असला की दुसऱ्याची भाषा तोंडात येत न्हाई. आईकडनं शिकलेलाच शब्द येतोय. मग मलाच सगळ्यांचे शब्द शिकायला लागले."

मुरुगेसन पहिल्यांदा "आमा" म्हणाला तेव्हा पुंडलिकनं काम थांबवलं होतं म्हणे. त्याच्या वस्तीत भन्तेजी येत, तेव्हा वंदनेनंतर सगळे हात जोडून "आम भन्ते" म्हणत. पालीतला आम, म्हणजे होय. "आणि हा सेलमचा गडी, बुद्धाचं नाव पण धड ठाऊक न्हाई ह्याला, पहार धरून आमा म्हणतोय! मी म्हटलं, तुला कुणी शिकवलं? तर म्हणतोय, अम्मानं."

तेव्हा मी हसले. मला त्यात गंमत वाटली होती. त्याला काय वाटलं होतं, ते कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

एक्याऐंशी सालच्या श्रावणात ते घडलं.

बाळाप्पा श्रावणी सोमवारी मौन पाळायचा. दिवेलागणीला देवळात घंटा वाजवली की मगच बोलायचा. त्या दिवशी टोळीनं त्याला यंत्राला हात लावू द्यायचा नाही, हे ठरलेलं. पण त्या सोमवारी नरसय्या तापानं पडला आणि गोकुळ रोडच्या एका शेडमध्ये लॉरी तर सकाळपासून उभी. बाळाप्पानं छातीवर हात ठेवून खुणेनं सांगितलं, मी उभा राहतो. पुंडलिकनं विचार केला आणि म्हणाला, "बरं. पण तू पहार दोनदा फरशीवर आपट. तेच तुझं हौदु."

नियम त्यानंच मोडला. हे तो पुढे प्रत्येकाला आपण होऊन सांगायचा.

उचलताना सगळं नीट झालं. पहार दोनदा वाजली. मग पुंडलिकनं हाळी दिली, "सोडू?" एकेक होकार आला. बाळाप्पाच्या बाजूनं "हौदु" ऐकू आलं. पहार वाजलीच नाही हे ध्यानात न घेता पुंडलिकनं आकडा पुरा धरला आणि सोडायला सांगितलं. तो महादेवचाच दुसरा होकार होता. सकाळपासून मुक्या मेहुण्यासाठी तोच बोलत होता. चहा त्यानं सांगितला, विडी त्यानं मागितली, कुणी हाक मारली तर ओ त्यानं दिली. त्याच सवयीनं त्यानं हेही म्हणून टाकलं. बाळाप्पा त्या वेळी पाइप सरळ करत होता.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

पुंडलिकनं त्या दिवसापासून हाळी देणं सोडलं. टोळी महादेवकडे गेली. पुंडलिक एका शेडवर राखणदार म्हणून बसू लागला. दर रविवारी मात्र तो रायापूरला बाळाप्पाच्या घरी जायचा. हुबळी-धारवाडच्या मधलं ते गाव. अंगणात बसायचा आणि विचारायचा, "बाळाप्पा, मी परत हाळी देऊ का?"

बाळाप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचा. बायकोशी बोलायचा, गुरांशी बोलायचा. पुंडलिकशी एक शब्द नाही. बायको दुर्गव्वा चहा आणून ठेवायची आणि हळूच म्हणायची, "ऐकतंय सगळं, अण्णा. तुम्ही येत जावा."

मी एकदा चिडून म्हटलं, "तुला काम येतं, माणसं तुला मानतात. त्याला विचारत कशाला बसतोस?"

"त्याचा हात गेलाय, अक्का. त्यानं होय म्हटल्याबिगर माझा आवाज निघायचा न्हाई." त्यानं आपला गळा दाखवला. "हितं अडकतोय."

असे दोन वर्षांतले शंभरएक रविवार गेले. आणि याच दिवसांत त्याला तो नाद लागला. एका माणसाच्या तोंडून जो शब्द निघत नव्हता, तो पुंडलिक जगभराच्या तोंडांतून ऐकत सुटला. स्टेशनवर बंगाली दिसला, विचार. सर्कशीतला नेपाळी दिसला, विचार. दवाखान्यातल्या मल्याळी नर्सबाई, मारवाडी दुकानदार, कुणालाही. "तुमच्यात होयला काय म्हणतात?" लोक हसायचे, पण सांगायचे. तो लिहून ठेवत नसे. नेमक्या त्याच आवाजात, त्याच हेलात मला येऊन म्हणून दाखवायचा. मी रंगभूमीवर नकला करणारे थोर लोक पाहिले आहेत. पुंडलिक "अवुनु" म्हणाला की नरसय्याची मिशी दिसायची.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरातली ती संध्याकाळ. सरस्वतीबाई ओट्यावर सूप घेऊन आवळे निवडत होत्या. समोरून एखादी स्कूटर जायची. पुंडलिक फाटक ढकलून आला तो धापा टाकतच.

"अक्का! एका भाषेत होयच न्हाई!"

"बस आधी. कुठल्या भाषेत?"

मुंडगोडला तिबेटी लोकांची वसाहत आहे, त्यांच्या बायका थंडीत हुबळीला स्वेटर विकायला बसतात. त्यानं त्यांतल्या एकीला गाठलं होतं. "बाई म्हणाली, आमच्यात तसला एक शब्दच न्हाई. 'हे लोकरीचं आहे का?' असं विचारलं तर आम्ही म्हणतो, 'रे'. रे म्हणजे आहे. तेवढंच. जे विचारलं ते आहे, बस्स!"

सरस्वतीबाईंचा हात सुपात थांबला. "पुंडलिक, मग तुझा होय कुठून आला, हे विचारलंस का कुणाला?"

"आईकडनं, बाई."

"आणि आईकडे?"

"तिच्या आईकडनं."

"असा मागे मागे जात राहिलास की कुठे पोचशील सांगू? 'होणे'पाशी. होय म्हणजे होतं. संस्कृतात भवति, प्राकृतात होइ, मराठीत होय. तू होय म्हणतोस तेव्हा खरं तर म्हणतोस, तसं होतं, तसं आहे."

पुंडलिक ओट्याच्या पायरीवर टेकला. "आणि बाळाप्पाचं हौदु?"

"जुन्या कानडीत ते अहुदु होतं. आमच्यात आगु म्हणजे होणे. अहुदु म्हणजे होतं."

"म्हणजे त्यांनी आमचं घेतलं?"

"वा रे वा! का बरं? तुम्हीच आमचं का नाही?" सरस्वतीबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "कुणीच कुणाचं घेतलेलं नाही. होणे संस्कृताच्या घरातलं, आगु द्राविडांच्या. दोन घरं, दोन चुली. दोन्हीकडच्या माणसांना कबूल करायला शब्द हवा होता, आणि दोघांनाही सुचलं एकच, होतं."

पुंडलिकनं सुपातून एक आवळा उचलला. सुपारीचा डबा ओट्यावर होता, तो त्यानं मधोमध ठेवला, जणू यंत्र. डब्याच्या मागच्या कोपऱ्यात आवळा ठेवून म्हणाला, "हा बाळाप्पा. हा म्हणतोय, होतं." शेजारी दुसरा ठेवला. "हा महादेव, तो पण. नरसय्याचं अवुनु?"

"तेलुगूत अवु म्हणजे होणे."

तिसरा आवळा. "होतं." त्याचा आवाज खाली गेला होता. "मुरुगेसन? आमा?"

"तमिळमध्ये आगुम् म्हणजे होतं. त्याचंच आखडून आम्, आमा."

त्यानं चौथा आवळा ठेवला. "आणि आमचं, आम भन्ते?"

"पालीतला आम आणि हा तमिळ आम एकमेकांचे कुणी लागतात का, ते मला ठाऊक नाही. कुणी छातीठोक सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पेद्रूचं हय तर मराठीच्या बहिणीचंच. खाजासाबच्या हौचं मला सांगता येत नाही."

"खाजासाबचा बाजूला ठेवतो," पुंडलिक म्हणाला आणि खरोखरच एक आवळा जरा लांब ठेवला. "त्यालाच विचारतो."

"इंग्रजांच्या येसबद्दलही कोशवाले असंच काहीसं सांगतात," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तसं असो, अशा अर्थाचं."

डब्याभोवती आवळे मांडलेले. पुंडलिक त्यांच्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मी त्याला महाराजांच्या फजितीत पाहिला होता, कंपनी मोडली त्या दिवशी गुंडाळलेल्या पडद्यावर बसलेला पाहिला होता, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. अंधाऱ्या सभागृहात पहिल्यांदा नाटक बघणाऱ्या मुलाचा असतो तसा.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "ही माणसं एकमेकांची भाषा बोलत न्हाईत. जेवताना पण खुणा करतात. आणि इतकी वर्षं, दिवसातनं पन्नास वेळा, मी विचारल्यावर चारी बाजूंनी एकच सांगत होती मला? होतं, होतं, होतं?"

"हो."

"आणि मला वाटायचं, मी वेगवेगळे शब्द शिकलो."

रंगमंचावर मी हजारो वेळा होय म्हटलं असेल. राजाला, प्रियकराला, मरणाला. आपण काय म्हणतो आहोत हे मला त्या ओट्यावर, आवळ्यांपुढे कळलं.

पुढच्या रविवारी तो मला म्हणाला, "अक्का, आज तुम्ही पण चला. मी सांगताना काय चुकलं तर सांभाळून घ्या." आम्ही रायापूरला उतरलो. बाळाप्पा नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि डाव्या हातानं शेंगा फोडत होता. ओसरीच्या कोपऱ्यात त्याची पहार उभी होती. दोन वर्षं न वापरलेल्या लोखंडावर गंजाचा एक ठिपका नव्हता. तेल लावून पुसलेली.

पुंडलिक बसला तो थेट सांगायलाच लागला. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत, हातवारे करत. तिबेटी बाई, तिचा रे, सरस्वतीबाई, अहुदु, अवुनु. आवळे नव्हते म्हणून अंगणातली वीट मधे ठेवली आणि बाळाप्पाच्या पुढ्यातल्या शेंगा उचलून तिच्याभोवती मांडू लागला. बाळाप्पानं मान वळवली नाही, पण शेंगा फोडणं थांबलं.

"हा नरसय्या, हा मुरुगेसन, हा तू," पुंडलिक म्हणाला. मग वीट बघता बघता त्याचं मन कामात शिरलं. "आता तारिहाळला म्हणे आठ टनांचा प्रेस यायलाय. शेडचं दार अरुंद. मागनं आत घ्यावा लागंल, म्हणजे सगळा भार मागच्या दोघांवर. तू मागं उजवीकडं, न्हाई का?"

"यडक्क," बाळाप्पा म्हणाला.

डावीकडे. दोन वर्षांतला त्याचा पुंडलिकशी पहिला शब्द. दुर्गव्वा दारात चहा घेऊन उभी होती ती तशीच राहिली.

"काय म्हणालास?"

"डावीकडं उभा राहीन म्हटलं." बाळाप्पा आता वळला होता. "उजवा हात कुठं हाय मला? डाव्यानं दाबतो मी पहार. रोज दाबून बघतो, त्या उंबऱ्याखाली. हिला विचार."

"उंबरा खिळखिळा केलाय, अण्णा," दुर्गव्वा म्हणाली.

"मग बोलला का न्हाईस इतके दिवस?"

"काय बोलू?" बाळाप्पाचा आवाज चढला. "दर रविवारी येतोस. 'मी हाळी देऊ का, मी हाळी देऊ का.' तुझी हाळी, तुझा गळा! बाळाप्पा, कामावर ये, असं एकदा तरी म्हणालास? बोटं गेली म्हणजे मी मेलो काय रे?"

पुंडलिक उठला, बाळाप्पाच्या समोर जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "चुकलो. कामावर ये."

बाळाप्पानं दुर्गव्वाला सांगितलं, "चहा गार व्हायलाय. दे त्याला."

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की आज पुंडलिक त्याचा नेहमीचा प्रश्न विचारायलाच विसरला होता. मी त्याला तसं म्हणाले. "होय की," तो म्हणाला. "आठवणच झाली न्हाई."

हुबळीजवळच्या तारिहाळच्या त्या शेडमध्ये मी मुद्दाम गेले. हिरव्या रंगाचा तो प्रेस माझ्या जुन्या मेकअपच्या खोलीएवढा होता. महादेव पुढे आला, पुंडलिकच्या हातात पांढरा खडू दिला आणि म्हणाला, "अण्णा, जागा तुम्ही आखा. हाळी पण तुम्हीच द्या. माझ्यानं त्या दिवसानंतर नीट झालीच न्हाई." पुंडलिकनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. माणसं आपापल्या जागी गेली. बाळाप्पा मागे, डावीकडे.

पुंडलिक यंत्राच्या तोंडाशी उभा राहिला. छाती भरून घेतली. आणि आवाज निघेना.

"हौदु!" मागून बाळाप्पा ओरडला.

"अरे, मी विचारलं न्हाई अजून!"

"मग विचार की, माराया! पहार धरून म्हातारा व्हायलोय मी!"

सगळे हसले आणि त्या हसण्यात पुंडलिकचा गळा मोकळा झाला. "उचलूऽ?"

अवुनु. आमा. हौ. हय. हौदु. आणि थोडं थांबून, मागच्या डाव्या कोपऱ्यातून, स्वतःच्या तोंडानं दिलेलं आणखी एक हौदु.

आठ टन लोखंड बोटभर वर आलं. मी नाटकातले चमत्कार आतून पाहिलेली बाई आहे. आकाशातून उतरणारे देव कुठल्या तारेला बांधलेले असतात ते मला माहीत. पण सहा माणसांनी आपापल्या आईच्या भाषेत "होतं" म्हणावं आणि ते खरोखर व्हावं, डोळ्यांसमोर, फटीतून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत, हे पाहून मी दाराची चौकट घट्ट धरली.

पुंडलिक पुढे अकरा वर्षं हाळी देत राहिला. नखं गेली, एकाच्या पायावर पाइप आला, पण हात कुणाचा गेला नाही. खाजासाबला त्यानं त्याच्या हौबद्दल विचारलं होतं. खाजासाब म्हणाला, "हौ म्हणजे हौ. त्यात काय विचारायचं?" हे उत्तर पुंडलिकला फार आवडलं होतं.

नव्याण्णव साली त्याच्या छातीनं दगा दिला. हुबळीच्या दवाखान्यात तो तीन आठवडे होता. वॉर्डात एका वेळी एकालाच सोडत. बाळाप्पा रोज सकाळी रायापूरहून यायचा आणि दिवसभर बाहेरच्या बाकावर बसायचा. आत गेला तरी फारसं बोलायचा नाही. खाटेच्या डाव्या बाजूला उभा राहायचा.

शेवटच्या दिवशी मी पाचच्या सुमारास आत गेले. श्वास तुटक झाला होता. त्यानं मला जवळ बोलावलं. काही थोर ऐकायला मिळेल अशा आशेनं मी, जन्माची नटी, कान त्याच्या तोंडाशी नेला.

"अक्का," तो म्हणाला, "जाताना बाळाप्पाला बसमध्ये चढवून मगच जावा. उजव्या हातानं दांडा धरता येत न्हाई त्याला."